नाडगौडा सरांचा हात

दोन वेळा नकार आला होता. तिसऱ्यांदा आला असता तर खातं चोवीस तासांसाठी बंद झालं असतं, आणि सुलभा कोठावळेकडे चोवीस तास नव्हते. जेमतेम अडीच होते.

"आता कशालाही हात लावू नका सर," ती फोनवर म्हणाली. "काही म्हणजे काही दाबू नका. लॅपटॉप आहे तसाच उघडा राहू दे."

"मी काय मुद्दाम करतोय का, कोठावळेबाई?" डॉ. अच्युत नाडगौडा ठाण्याहून, मुलीच्या घरून बोलत होते. "स्वतःच्या ऑफिसची फाइल स्वतःला उघडता येत नाही, कमाल आहे. काय लिहिलंय ऐका. 'आपला हात ओळखला गेला नाही. एक संधी शिल्लक.' माझा हात! अठ्ठावीस वर्षं सह्या करतोय मी या हातानं."

सुलभा मिरजेला आपल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर तिचा स्वतःचा लॅपटॉप. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या विष-विश्लेषण केंद्राच्या इमारतीतला विजेचा मुख्य बोर्ड जळाला, अग्निशमनवाल्यांनी तपासणी होईपर्यंत इमारतीला सील ठोकलं, आणि सगळ्यांना निरोप आला, की सोमवारपर्यंत आपापल्या घरून, आपापल्या लॅपटॉपवर काम करा. फाइली इमारतीत नव्हत्याच. त्या मुंबईच्या सर्व्हरवर, सामायिक फोल्डरमध्ये सुरक्षित होत्या. प्रश्न फक्त तिथवर पोचण्याचा होता.

एरवी शनिवार निवांत गेला असता. पण पावणेअकराला जतच्या पुढच्या एका ग्रामीण रुग्णालयातून डॉ. शबाना मुजावर यांचा फोन आला होता. द्राक्षाच्या बागेत विरळणी करणारी अकरा माणसं. सकाळी पावणेनऊला सगळ्यांनी ताक प्यायलं, आणि ते ताक ज्या कॅनमधून आणलं होतं, त्यात आदल्या आठवड्यात फवारणीचं बिनलेबलचं औषध कालवलेलं होतं. तोंडाला फेस, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"पहिलं इंजेक्शन सुरू केलंय," डॉ. मुजावर भराभर बोलत होत्या. "दुसरं देऊ का नको ते सांगा. आमच्या यंत्रानं सगळ्यांच्या रक्ताचे आलेख काढलेत, पण जुळणारं नाव येत नाही. 'अज्ञात' म्हणतंय. आलेख पाठवलेत तुम्हाला. मॅडम, दोनच्या पुढे गेलं की देऊन न देऊन सारखंच, माहितीये ना तुम्हाला?"

सुलभाला माहीत होतं. शरीरात एका मज्जातंतूकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, आणि निरोप पोचला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, तो पुसून टाकतं. या जातीची कीटकनाशकं त्या विकराला जाऊन चिकटतात. मग निरोप पुसलाच जात नाही. स्नायू थरथरत राहतात, फुप्फुसं पाण्यानं भरतात, शेवटी श्वासाचा स्नायूच दमून थांबतो. पहिलं इंजेक्शन नुसती लक्षणं आवरतं. दुसरं विकराला चिकटलेला रेणू ओढून काढतं, मात्र पाचेक तासांत द्यावं लागतं, कारण तेवढ्या वेळात ती चिकटण घट्ट होऊन बसते. बहुतेक विषांना हे लागू पडतं. पण गेल्या काही वर्षांत बाजारात चोरून येणाऱ्या एका नव्या रेणूला नाही. त्याच्याशी दुसरं इंजेक्शन संयोग पावतं आणि मूळ विषाहून जहाल असं काहीतरी तयार होतं. म्हणजे एका विषात दुसरं इंजेक्शन दिलं नाही तर माणूस जातो, दुसऱ्यात दिलं तर जातो. आणि बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात.

फरक सांगणारा आलेख एकच होता. तीन वर्षांपूर्वीच्या हिंगणवाडीच्या केसमधला. तो केंद्राच्या नमुना-कोशात होता, नमुना-कोश सामायिक फोल्डरमध्ये होता, आणि तो फोल्डर फक्त अधिकृत विश्लेषकाच्या खात्यातून उघडायचा. केंद्रात अधिकृत विश्लेषक एकच होते. ते आत्ता ठाण्यात बसून एका बोटानं अक्षरं शोधत होते.

सुलभानं रसायनशास्त्रात एमएस्सी केली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही सवय तिला प्रयोगशाळेनं लावली होती.

"सर, वरच्या कोपऱ्यात कुलपाचं चित्र आहे. हिरवं आहे की लाल?"

"हिरवं."

म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित जोडणी होती.

"डावीकडे फोल्डरांची नावं दिसतात?"

"सगळी दिसतात. नमुना-कोशसुद्धा दिसतो. उघडायला गेलं की ते शंभर शब्द लिहा म्हणतं."

म्हणजे परवानगीही होती. परवानगी नसती तर नावच दिसलं नसतं. लॅपटॉपचं घड्याळ बरोबर होतं. जावयाचा वेगळा कीबोर्ड जोडून दुसऱ्यांदा प्रयत्न झाला होता, तेव्हा कीबोर्डचाही दोष नव्हता. एकेक कारण खोडत गेल्यावर उरलं ते तिला नको होतं. तरीही खात्री करायला तिनं नागपूरच्या मदत कक्षाला फोन लावला.

"हस्तलय मदत कक्ष, मेश्राम बोलते."

हस्तलय ही नवी व्यवस्था येऊन दहा महिने झाले होते. पासवर्ड चोरता येतो, बोटाचा ठसा उचलता येतो, पण माणूस टाइप कसा करतो ते चोरता येत नाही, यावर ती उभी होती. एका कळीवरून दुसरीवर जायला बोटाला लागणारा वेळ, कळ दाबून धरण्याचा काळ, कुठे अडखळतो, चूक झाली तर किती मागे जाऊन खोडतो, या सगळ्याची मिळून प्रत्येकाची एक लय असते. तुम्ही काय लिहिता याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. पहिले सहा महिने ते नुसतं शिकत होतं. मग पासवर्ड काढून टाकले. ऑफिसातल्या संगणकाला खाचेतलं ओळखपत्र पुरायचं, तिथं लय ओझरती तपासली जायची. बाहेरच्या, वैयक्तिक लॅपटॉपला मात्र खाच नाही. तिथं फक्त हात.

"नाडगौडा सरांचं खातं ना? थांबा, त्यांचा हात काढते," मेश्राम म्हणाल्या. कळांचा आवाज आला. "अरे वा! सरांचा हात तर भलताच तयार आहे ना मॅडम. मिनिटाला अडुसष्ट शब्द, शंभरात एक चूक. एवढा चांगला हात मी अख्ख्या विभागात नाही पाहिला. आणि आज लावलेला... सहा शब्द. एकेक अक्षर शोधून राहिले जसे." त्यांचा सूर बदलला. "मॅडम, सरांची तब्येत बरी आहे ना? इतका फरक आम्हाला एकदाच दिसला होता. त्या साहेबांना अर्धांग झालं होतं."

"तब्येत ठणठणीत आहे," सुलभा म्हणाली. 

मिनिटाला अडुसष्ट शब्द हा तिचा वेग होता.

साहेबांनी स्वतः टाइप करायचं नसतं, ही त्या केंद्रातली रीत सुलभा तिथं लागायच्या आधीपासूनची. सर खिडकीशी उभं राहून, हात मागे बांधून सांगायचे. ती सरांच्या संगणकाशी बसून लिहायची. शेवटी ते सही करायचे. हस्तलय बसवणारे आले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की सहा महिने ज्यानं त्यानं आपलं काम आपल्या खात्यावर करावं. ती म्हणाली होती, "सर, आता तुम्हालाच बसावं लागणार." सर हसले होते. "मला सहा महिने टायपिंगला बसवता? मग नमुने कोण बघणार, तो यंत्रवाला? बसा तुम्ही. माझंच तर काम करताय." आणि ती बसली होती. तिच्या स्वतःच्या खात्यावर रजेचे अर्ज आणि स्टेशनरीची मागणी, एवढंच होतं.

"मॅडम?" मेश्राम हळू आवाजात म्हणाल्या. "तब्येत ठीक असंन तर मग एकच उरते. हात दुसऱ्या कोणाचा आहे. तसं असंन तर... आत्ता मला सांगू नका."

"का?"

"मला कळलं की मला खातं जागच्या जागी गोठवावं लागते. सोमवारी चौकशी बसते. दुसऱ्याच्या ओळखीनं सरकारी फाइल उघडणं म्हणजे नोकरी जाते, वर खटला. मी काही ऐकलं नाही. तुम्ही काही बोलल्या नाही. बरं?"

"बरं," सुलभा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

तिनं पुन्हा ठाण्याला फोन लावला. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. 

"म्हणजे मी माझ्याच खात्यात परका," ते म्हणाले.

"माझा लॅपटॉप तुमच्या खात्याला जोडायचा सर. तुमच्या फोनवर सहा आकडी कोड येईल, तो मला सांगा. मग तिसरा प्रयत्न मी करते."

"आणि तुम्ही पकडल्या गेलात तर? चौकशीत हे उघड झालं की माझ्या प्रत्येक अहवालावर प्रश्न येईल. कोर्टात उभ्या असलेल्या केसेस आहेत. तुमची नोकरी जाईल ते वेगळंच." त्यांनी घसा साफ केला. "असं करा. मुजावर बाईंना सांगा, नेहमीच्या पद्धतीनं दुसरं इंजेक्शन द्या. आपलं परिपत्रकच आहे. दहातल्या नऊ वेळा तेच बरोबर असतं."

"आणि दहाव्या वेळी? अकरा माणसं आहेत सर."

"हिंगणवाडीलासुद्धा शेवटी मी तेच सांगितलं होतं, द्यावे म्हणून. पहिले दोघं गेले, पण तो तिसरा माणूस वाचला."

सुलभानं डोळे मिटले. तीन वर्षं हे वाक्य तिनं बोलायचं टाळलं होतं.

"तुम्ही 'द्यावे' सांगितलं होतं सर. मी 'देऊ नये' लिहिलं."

"काय?"

"तुम्ही कोल्हापूरला निघायच्या घाईत होतात, खाली गाडी थांबलेली. आलेख माझ्यासमोर होता, त्यात दुसरं शिखर स्पष्ट दिसत होतं. इंजेक्शन दिलेले दोघं आधीच गेले होते. मी तुम्हाला हाक मारली, तुम्ही जिन्यात होतात. मी लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी सांगणार होते. त्याआधीच तुम्ही सही केलीत."

"न वाचता," सर म्हणाले. ते विचारत होते की सांगत होते, ते कळेना.

"हो सर."

पलीकडे घरातलं कुणीतरी त्यांना जेवायला बोलावत होतं आणि ते "थांब जरा" म्हणून ओरडले.

"असं किती वेळा केलंत तुम्ही?"

"मोजलं नाही. जिथं चुकतंय असं वाटलं, तिथं."

"तुम्हाला वाटलं!" त्यांचा आवाज चढला, आणि लगेच खाली आला. एक वाजायला तेरा मिनिटं होती. "कोड येऊ दे. लिहून घ्या."

जोडणी व्हायला पंधरा मिनिटं गेली. मग चौकट उघडली. वर ओळ: 'आपल्या मनाने कोणतेही शंभर शब्द लिहा. वेळ दहा मिनिटे.' खाली हात किती टक्के जुळतो ते दाखवणारी एक राखाडी पट्टी, नव्वदच्या आकड्यावर लाल खूण. पट्टी नेहमी शेवटच्या शंभर शब्दांवर हलायची. खुणेच्या वर असताना पाठवलं तर दार उघडणार. दहा मिनिटं संपली, तर खुणेखाली असलं तरी आपोआप पाठवलं जाणार.

ती लिहायला लागली. काय लिहायचं ते आधी ठरवलं नव्हतं. स्वयंपाकघराविषयी चार वाक्यं लिहिली, हवेविषयी दोन. पट्टी चाळीसवर गेली, पंचावन्नवर गेली आणि तिथंच घुटमळली. ती भराभर लिहायला गेली तशी पट्टी खाली आली.  एकेका शब्दापाशी ती थांबत होती, पुढचं वाक्य शोधत होती. चार मिनिटं गेली. पट्टी एक्कावन्नवर.

हात तिचा, कीबोर्ड तिचा, लॅपटॉप तिचा. मग बदललं काय होतं?

त्या खात्यावर तिनं आपल्या मनानं कधी काही लिहिलंच नव्हतं. एखादं वाक्य सोडलं तर नाहीच. यंत्रानं शिकलेला हात हा ऐकत ऐकत लिहिणारा हात होता. वाक्याच्या शेवटी सरांचा श्वास घ्यायचा वेळ, 'स्वल्पविराम' म्हणताना ते किंचित रेंगाळायचे तेवढी बोटांची उसंत, लांबलचक विशेषणांत पळणारी बोटं. दहा महिने यंत्र दोन माणसांना एकत्र ऐकत होतं आणि त्याला वाटत होतं, एकच आहे.

तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"सर, मला सांगा."

"काय सांगू?"

"रिपोर्ट सांगा. रोज सांगता तसा. आजचाच सांगा. उभे राहा, सर. खिडकीपाशी जा. साडेपाच मिनिटं आहेत."

खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि सरांचा तो कोर्टातला, जरासा नाकातला स्वर.

"प्रति, माननीय वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, स्वल्पविराम. आपल्याकडून प्राप्त झालेल्या एकूण अकरा रक्तनमुन्यांच्या आलेखांचे, आलेखांचे म्हणा, नमुन्यांचे नको, प्राथमिक निरीक्षण खालीलप्रमाणे. पूर्णविराम. नवीन परिच्छेद..."

तिची बोटं सुटली. तिनं पडद्याकडे पाहणं सोडून दिलं. ऐकण्याच्या पलीकडे तिला काही करायचं नव्हतं. सर नमुन्यांचं वर्णन करत होते, रुग्णांची लक्षणं सांगत होते, मध्येच स्वतःला सुधारत होते, आणि बोटं त्या सुधारणेसह मागे-पुढे होत होती. तिनं एकदा नजर वर केली. चौऱ्याहत्तर. पुढच्या वाक्याला त्र्याऐंशी.

"...सबब, उपरोक्त अकरा रुग्णांना दुसरे इंजेक्शन..." सर थांबले. त्यांना पुढे येईना.

"ते रिकामं सोडू सर. थांबू नका. पुढचं सांगा, नेहमीचं."

"सदर अभिप्राय हा," सरांनी पुढचं धरलं, "उपलब्ध नमुन्यांच्या आधारे देण्यात येत असून, स्वल्पविराम, अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा राहील. पूर्णविराम."

ब्याण्णव. तिनं बटण दाबलं.

नमुना-कोश उघडला.

हिंगणवाडीचा आलेख शोधायला एक मिनिट लागलं, उतरवायला सहा. पुढची चौदा मिनिटं तिनं दोन आलेख एकमेकांवर ठेवून, रेघ न् रेघ तपासली. यंत्राच्या तुलनेचा आकडा सत्त्याण्णव टक्के आला, पण तिनं आकड्यावर भिस्त ठेवली नाही. ते दुसरं शिखर पाहिलं. तेच होतं, त्याच जागी, तसंच एका बाजूला झुकलेलं. अकराच्या अकरा आलेखांत.

डॉ. मुजावर यांना फोन लावला तेव्हा एक वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. सर त्याच फोनवर जोडलेले होते.

"देऊ नका," सुलभा म्हणाली. "दुसरं इंजेक्शन कुणालाही देऊ नका. पहिलंच चालू ठेवा, आणि श्वासाची यंत्रं जेवढी मिळतील तेवढी मागवून ठेवा."

"मॅडम, सिरिंजा भरून ठेवल्यात मी," डॉ. मुजावर म्हणाल्या. "तुमचंच परिपत्रक भिंतीवर लावलंय, त्यात द्या म्हटलंय. तुम्ही नको म्हणताय. केसपेपरवर मी नाव कुणाचं लिहू? तुमचं नाव तर अधिकृत विश्लेषकांच्या यादीत नाही."

सुलभा बोलणार, तेवढ्यात फोनमधून तो नाकातला स्वर आला. "डॉक्टर नाडगौडा. देऊ नका. सिरिंजा फेकून द्या."

"ठीक आहे सर," डॉ. मुजावर म्हणाल्या आणि कुणाला तरी हाक मारत फोन ठेवून दिला.

सरांनीही फोन ठेवला.  कुणाला काही कळणार नव्हतं. मेश्रामबाईंनी काही ऐकलं नव्हतं. सोमवारी इमारत उघडेल, ओळखपत्र खाचेत जाईल, सर खिडकीशी उभे राहतील. आणि पुढच्या वेळी सर ठाण्याला असतील, ती रजेवर असेल, आणि दुसरी अकरा माणसं असतील. तिनं नागपूरचा नंबर लावला.

"मेश्राम मॅडम, आता सांगू का?"

पलीकडून सुस्कारा आला. "सांगा. लिहून घेऊन राहिले."

दहा माणसं आठवड्याच्या आत आपापल्या घरी गेली. अकरावा, बाळू ऐवळे, नऊ दिवस श्वासाच्या यंत्रावर होता आणि मग तोही चालत बाहेर पडला. ते डॉ. मुजावर यांनी सुलभाला कळवलं, तेव्हा ती निलंबित होती.

चौकशी समितीच्या अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश कुमुद परांडकर. त्यांनी हस्तलयवाल्यांकडून एक काम करून घेतलं, जे होऊ शकतं याची सुलभाला कल्पना नव्हती. ऐकून लिहिणारा हात आणि विचार करून लिहिणारा हात यांच्या लयी वेगळ्या असतात, हे तिनं त्या दुपारी पट्टीवर स्वतः पाहिलं होतं. तोच फरक घेऊन त्यांनी दहा महिन्यांतले चारशे बारा अहवाल चाळले. ऐकून लिहिलेली वाक्यं काळी ठेवली. तिनं स्वतःच्या मनानं लिहिलेली निळी केली.

निळी वाक्यं एकशे सदतीस निघाली.

"प्रश्न सोपा आहे," परांडकर बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. "डॉक्टर नाडगौडांनी ही वाक्यं आपली म्हणून स्वीकारली, तर कोठावळेबाईंनी तोंडी सूचनेवरून लिहिलं असं धरता येईल, आणि प्रकरण ताकिदीवर मिटेल. नाही म्हणाले, तर सरकारी अहवालात परस्पर फेरफार केला असा अर्थ होतो. विचार करून उत्तर द्या, डॉक्टर. आणि उत्तर तुमच्या स्वतःच्या हातानं टाइप झालं पाहिजे."

सरांनी आठ दिवस मागून घेतले आणि गठ्ठा घरी नेला. त्या आठ दिवसांत त्यांनी सुलभाला एकही फोन केला नाही. तिनंही केला नाही. रोज सकाळी ती लॅपटॉप उघडायची आणि मिटून ठेवायची.

नवव्या दिवशी सर समितीसमोर बसले. त्यांच्या नव्या, कोऱ्या खात्यावर चौकट उघडलेली होती. चष्मा कपाळावर सरकवून ते कीबोर्डवर वाकले आणि उजव्या हाताच्या एका बोटानं अक्षर शोधू लागले. एक सापडलं. मग दुसरं. समितीतला एक सदस्य घड्याळाकडे पाहायला लागला, परांडकर बाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला. सुलभा समोरच्या खुर्चीत होती. तिला पडदा दिसत नव्हता, फक्त ते बोट दिसत होतं. ते वर जायचं, हवेत थांबायचं, खाली यायचं. एकदा खूप मागे जाऊन त्यांनी काहीतरी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. त्याला पाऊण तास लागला.

मग त्यांनी पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

'निळी वाक्ये माझी नाहीत. मी ती सर्व तपासली. एकशे सदतीसपैकी एकशे चौतीस बरोबर आहेत, आणि तिथे माझी वाक्ये चुकीची होती. तीन निळी वाक्ये चुकीची आहेत. सही करताना मी यांपैकी एकही वाचले नव्हते.'

 परांडकर बाईंनी तो मजकूर दोनदा वाचला आणि सुलभाकडे पाहिलं. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"कोणती तीन?" सुलभा म्हणाली.

सरांनी गठ्ठा टेबलावरून तिच्याकडे सरकवला. तीन पानांना कागदाच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. तिनं पहिली चिठ्ठी धरून पान उघडलं. वरच्याच ओळीत रुग्णाचं नाव होतं.